असेंब्ली दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की पार्ट गायब: एकेक करून काय तपासायचं

हे सगळं सीएडीबद्दल आहे, म्हणजे संगणकावर यंत्रांचं त्रिमितीय डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरबद्दल (सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर, क्रिओ, कॅटिया, फ्यूजन वगैरे). एकेका सुट्या भागाचं मॉडेल म्हणजे पार्ट, आणि पार्ट जोडून तयार झालेलं मॉडेल म्हणजे असेंब्ली.

आधी लक्षणं. यातलं कोणतं दिसतंय ते नीट पाहून घ्या, कारण कोणत्या तपासणीकडे वळायचं ते त्यावरूनच ठरतं.

- असेंब्ली उघडताना 'अमुक फाइल सापडत नाही, स्वतः शोधणार का?' असा प्रश्न येतो. 'नाही' म्हटलं की पुढच्या पार्टसाठी पुन्हा तोच प्रश्न.
- असेंब्ली उघडते, पण ट्रीमध्ये (बाजूला दिसणाऱ्या पार्टांच्या यादीत) अर्धे पार्ट करडे पडलेले असतात, स्क्रीनवर त्यांच्या जागी काहीच नसतं आणि मेटची (पार्ट एकमेकांना कसे जोडलेत त्या नोंदींची) यादी चुकांच्या खुणांनी भरलेली असते.
- 'ही फाइल नंतरच्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली आहे' असं सांगून सॉफ्टवेअर फाइल उघडायलाच नकार देतं.
- बाकी सगळं ठीक, फक्त बोल्ट, नट, वॉशर भलत्याच मापाचे दिसतात.
- फाइल फक्त वाचण्यापुरती उघडते, बदल सेव्ह होत नाहीत.
- सगळं सुरळीत उघडतं, एकही संदेश येत नाही, पण एखादा पार्ट जुना असतो किंवा दुसऱ्याच प्रोजेक्टचा असतो.

मला सगळ्यात जास्त भीती या शेवटच्या लक्षणाची वाटते. संदेश आला तर माणूस थांबतो. संदेश न आल्यावर तो पुढे जातो, ड्रॉइंग काढतो आणि ड्रॉइंग वर्कशॉपमध्ये जातं.

आमच्या डिझाइन विभागात हा प्रश्न मी इतक्या वेळा सोडवला आहे की आता तपासणीचा क्रमच ठरून गेला आहे. सगळ्या बिघाडांच्या मुळाशी एकच गोष्ट असते. असेंब्लीच्या फाइलमध्ये पार्ट नसतात, पार्टांचे पत्ते असतात. कोणती पार्ट फाइल, ती कोणत्या फोल्डरमध्ये, तिचं कोणतं कॉन्फिगरेशन (एकाच फाइलमध्ये ठेवलेला मापाचा किंवा आकाराचा पर्याय), ती कुठे बसवली आहे आणि कशाशी मेट केली आहे, एवढीच नोंद तिथे असते. ड्रॉइंग असेंब्लीकडे बोट दाखवतं, असेंब्ली सब-असेंब्लीकडे, सब-असेंब्ली पार्टकडे. पाठवणाऱ्याच्या मशीनवर हे सगळे पत्ते बरोबर असतात, म्हणून त्याला काही चुकलंय असं वाटतच नाही. 'माझ्याकडे तर नीट उघडतंय' हे तो अगदी खरं सांगत असतो.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट पाळा: कारण सापडेपर्यंत काहीही सेव्ह करू नका. चुकीचे पार्ट जोडलेल्या अवस्थेत असेंब्ली सेव्ह झाली की चुकीचे पत्तेच तिच्यात पक्के होतात. मग मूळ पत्ता काय होता हे कळायलाही मार्ग उरत नाही. आलेल्या फाइलींची एक प्रत बाजूला ठेवा आणि सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करा.

झिप खरंच सोडवली आहे का?

इथे एक पैसाही लागत नाही आणि एक मिनिटही लागत नाही, तरी बरीच प्रकरणं इथेच मिटतात. विंडोजमध्ये झिपवर डबल-क्लिक केलं की आतल्या फाइली साध्या फोल्डरसारख्या दिसतात. तिथूनच असेंब्लीवर क्लिक केलं, तर विंडोज ती एकच फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढतं. शेजारचे पार्ट झिपमध्येच राहतात. सॉफ्टवेअर आजूबाजूला पार्ट शोधतं आणि त्याला काहीच मिळत नाही. उघडलेल्या फाइलच्या पाथमध्ये 'टेम्प' असं फोल्डर दिसलं तर समजा, हेच झालंय. झिपवर राइट-क्लिक करून 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करा आणि सोडवलेल्या फोल्डरमधून असेंब्ली उघडा.

सगळ्या फाइली आल्या आहेत का?

ईमेलला फक्त असेंब्लीची फाइल जोडलेली असेल तर पुढचं काही तपासायचं कारण नाही. पाठवणाऱ्याला फाइलींची संख्या विचारा आणि आपल्या फोल्डरमधली मोजा. तोंडी 'सगळं पाठवलंय' यावर थांबू नका, आकडाच विचारा. क्रिओ वापरत असाल तर आणखी एक पाहा. तिथे प्रत्येक सेव्हला फाइलच्या नावामागे नवा क्रमांक लागतो, आणि पाठवणाऱ्याने घाईत 7 क्रमांकाऐवजी 3 क्रमांकाची फाइल उचललेली असू शकते.

व्हर्जन जुळतंय का?

दोन्ही मशीनवरच्या सॉफ्टवेअरचं वर्ष आणि सर्व्हिस पॅक विचारून घ्या. या सॉफ्टवेअरमध्ये जुनी फाइल नव्या व्हर्जनमध्ये उघडते, पण नव्यात सेव्ह केलेली फाइल साधारणपणे जुन्यात उघडत नाही. सॉलिडवर्क्समध्ये 2024 पासून मागच्या दोन व्हर्जनपर्यंत सेव्ह करण्याची सोय आली आहे. त्याआधीच्या व्हर्जनला ती नाही.

एकच सर्व्हर फोल्डर वापरणाऱ्या पाच जणांपैकी एकाने सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि सामायिक पार्टवर एकदा सेव्ह दाबलं, की उरलेल्या चौघांसाठी तो पार्ट बंद होतो. तो पार्ट वापरणाऱ्या सगळ्या असेंब्लींनाही फटका बसतो. म्हणून व्हर्जन बदलायचं तर सगळ्यांनी एकाच दिवशी बदलायचं, तेही चालू प्रोजेक्टचा बॅकअप घेऊन. हा नियम आम्ही आता कोणासाठीही मोडत नाही.

समोरच्याला मॉडेल फक्त पाहायचं किंवा मोजायचं असेल, तर हा गुंता मुळातच टाळता येतो. स्टेप फॉरमॅटमध्ये पूर्ण असेंब्ली एकाच फाइलमध्ये जाते, पत्त्यांचा प्रश्न राहत नाही आणि जवळपास प्रत्येक सीएडी सॉफ्टवेअर ती फाइल वाचतं. स्टेपच्या प्रकारांपैकी एपी 214 किंवा त्यानंतरचं एपी 242 निवडा. मात्र मेट आणि फीचरचा इतिहास (आकार टप्प्याटप्प्याने कसा घडवला ती नोंद) त्यात जात नाही. ज्याला पुढे डिझाइन करायचंय त्याला स्टेप देऊ नका. त्याला सगळं नव्याने बांधावं लागेल.

सगळं बंद करून पुन्हा उघडा

सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा, पुन्हा सुरू करा आणि फक्त ही एकच असेंब्ली उघडा. हा साधा रीस्टार्ट वाटेल, पण यामागे ठोस कारण आहे.

सॉलिडवर्क्स पार्ट कसा शोधतं ते पाहा. आधी मेमरीत त्याच नावाची फाइल उघडी आहे का ते बघतं. मग सेटिंगमध्ये शोधण्यासाठी फोल्डर दिलेले असतील तर ते. मग जिथून शेवटची फाइल उघडली ते फोल्डर. असेंब्ली सेव्ह करताना नोंदलेल्या पत्त्याची पाळी यानंतर येते. क्रिओसुद्धा सेशनमध्ये (चालू सॉफ्टवेअरच्या मेमरीत) त्या नावाचं मॉडेल असेल तर तेच घेतं. खिडकी बंद केली तरी मॉडेल सेशनमध्ये राहतं, म्हणून 'इरेज नॉट डिस्प्लेड' करावं लागतं. थोडक्यात, सॉफ्टवेअर नावाला आधी मान देतं, पत्त्याला नंतर.

यातून काय होतं ते आमच्याकडे एकदा घडलं. मी सहकाऱ्याला कन्व्हेअरच्या ड्राइव्हची असेंब्ली दिली. त्यात 'मोटर ब्रॅकेट' नावाचा पार्ट होता. त्याच्या मशीनवर जुना प्रोजेक्ट उघडा होता आणि त्यातही 'मोटर ब्रॅकेट' होता. माझी असेंब्ली उघडताच सॉफ्टवेअरने मेमरीतला जुना ब्रॅकेट घेतला. मेटने तरी ओरडायला हवं होतं, पण तसं झालं नाही, कारण नवा ब्रॅकेट मी जुन्यावरूनच 'सेव्ह अ‍ॅज' करून बनवला होता. दोन्ही फाइलींमध्ये त्या पृष्ठभागांची आतली ओळख एकच होती, त्यामुळे मेट निमूटपणे जुन्या ब्रॅकेटवर बसले. त्याने ड्रॉइंग काढलं, प्लेट लेसरवर कापून आली, आणि मोटर बसवायला गेलो तेव्हा भोकांमधलं अंतर 10 मिमीने कमी होतं. दोघांपैकी कोणीही हलगर्जीपणा केला नव्हता. नाव सारखं होतं, एवढंच.

तेव्हापासून आमच्याकडे 'ब्रॅकेट', 'प्लेट', 'शाफ्ट', 'पार्ट 1' अशा नावांना बंदी आहे. प्रोजेक्टचा क्रमांक आणि पार्टचा क्रमांक मिळून फाइलचं नाव होतं, वर्णन प्रॉपर्टीत जातं. चालू प्रोजेक्टमध्ये नावं बदलायची असतील तर विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन बदलू नका, पत्ते तुटतील. सीएडी सॉफ्टवेअरच्या आतून किंवा त्याच्या फाइल-व्यवस्थापनाच्या टूलमधून बदला, म्हणजे वापरणाऱ्या असेंब्लींनाही नवं नाव कळतं.

पाठवणाऱ्याने पॅक कसं केलं?

फोल्डर हाताने कॉपी करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. असेंब्लीतले सगळे पार्ट त्याच फोल्डरमध्ये असतील असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दोन पार्ट जुन्या प्रोजेक्टमधून ओढलेले असतात, एक डेस्कटॉपवर असतो, आणि पुरवठादाराकडून आलेलं गिअरबॉक्सचं मॉडेल अजून 'डाउनलोड्स'मध्येच असतं.

पाठवणाऱ्याला आधी संदर्भांची, म्हणजे असेंब्ली ज्या फाइलींकडे बोट दाखवते त्यांची, यादी काढायला सांगा. सॉलिडवर्क्समध्ये 'फाइंड रेफरन्सेस' प्रत्येक पार्टचा पूर्ण पाथ दाखवतं. यादीत प्रोजेक्टबाहेरचा फोल्डर दिसला की चोर सापडला.

मग पॅक करण्यासाठी सॉफ्टवेअरचंच साधन वापरायचं. सॉलिडवर्क्स आणि इन्व्हेंटर दोन्हींत 'पॅक अँड गो' आहे, कॅटियात 'सेंड टू', क्रिओत 'सेव्ह अ बॅकअप', आणि फ्यूजनमध्ये बाहेरचे संदर्भ असलेलं डिझाइन एफ3झेड म्हणून एक्स्पोर्ट होतं. ही साधनं पत्ते वाचून खरोखर लागणाऱ्या फाइली गोळा करतात आणि नव्या प्रतींमधले पत्तेही बदलतात.

सॉलिडवर्क्सच्या पॅक अँड गोमध्ये काही चौकोन असतात, त्यांकडे लोक बघतच नाहीत. ड्रॉइंग हवी असतील तर त्याची खूण करा. सप्रेस केलेले (त्या कॉन्फिगरेशनमध्ये बंद ठेवलेले) पार्ट हवे असतील तर त्याचीही करा, नाहीतर समोरचा माणूस दुसऱ्या कॉन्फिगरेशनवर जाईल आणि पार्ट गायब दिसतील. टूलबॉक्सचे (तयार बोल्ट-नटांच्या लायब्ररीचे) पार्टही खूण केली तरच सोबत जातात.

इन्व्हेंटर वापरणाऱ्यांनी प्रोजेक्टची आयपीजे फाइल तपासावी. तिथे पत्ते प्रोजेक्टच्या फोल्डरपासून मोजले जातात. घेणाऱ्याच्या मशीनवर भलताच प्रोजेक्ट चालू असेल तर सगळ्या फाइली असूनही 'रिझॉल्व्ह लिंक'चा डबा उघडत राहतो. सगळ्या फाइली बंद करा, कारण फाइल उघडी असताना प्रोजेक्ट बदलता येत नाही. मग आलेली आयपीजे चालू करा.

पॅक झाल्यावर पाठवण्याआधी एक परीक्षा घ्या. सॉफ्टवेअर बंद करा, मूळ फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला, शक्य असेल तर सर्व्हरचा ड्राइव्हही तोडा, आणि पॅक केलेल्या फोल्डरमधून असेंब्ली उघडा. मूळ पत्त्यावर काहीच सापडत नसताना ती पूर्ण उघडली, तरच ती दुसऱ्याच्या मशीनवर उघडेल. नाव न बदलता केलेल्या परीक्षेवर मी विश्वास ठेवत नाही, कारण मशीन गुपचूप जुन्या जागेवरून पार्ट उचलून आणतं आणि आपल्याला पत्ताही लागू देत नाही. परीक्षा झाली की फोल्डरचं नाव पूर्ववत करायला विसरू नका.

ड्राइव्हचं अक्षर आणि पाथची लांबी

एकाच सर्व्हरवर काम करणाऱ्यांचं इथे अडतं. तुमच्या मशीनवर सर्व्हर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला असतो, शेजारच्याच्या मशीनवर वाय म्हणून. फाइल तीच, जागा तीच, पण सॉफ्टवेअरच्या लेखी पत्ते दोन. सगळ्यांच्या मशीनवर एकच अक्षर ठेवा. हे काम पाच मिनिटांचं आहे. वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये, म्हणजे डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समध्ये, सामायिक पार्ट कधीच ठेवू नका. तो पाथ दुसऱ्याच्या मशीनवर अस्तित्वातच नसतो.

लांबीचंही बघा. विंडोजमध्ये पूर्ण पाथला सहसा 260 अक्षरांची मर्यादा असते. 'अंतिम', 'अंतिम सुधारित', 'ग्राहकाला पाठवलेलं' असे फोल्डरात फोल्डर वाढत गेले की ती मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि झिप सोडवताना खोलवरच्या काही फाइली मागे राहतात. झिप ड्राइव्हच्या मुळाशी, छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये सोडवून पाहा.

बोल्ट राक्षसी का दिसतात?

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्रावलो होतो. बेअरिंग हाउसिंगवर एम6 चे चार बोल्ट होते, त्यांच्या जागी मूठभर जाड बोल्ट हाउसिंगच्या आरपार एकमेकांत घुसलेले.

सॉलिडवर्क्सच्या टूलबॉक्समध्ये बोल्टच्या एका प्रकाराची एक मूळ फाइल असते. तुम्ही एखादं माप वापरलंत की ते त्या फाइलमध्ये कॉन्फिगरेशन म्हणून तयार होतं. तुमच्या मशीनवरच्या फाइलमध्ये एम6 × 20 तयार आहे, सहकाऱ्याच्या त्याच नावाच्या फाइलमध्ये ते माप कधी वापरलंच गेलं नाही. असेंब्ली त्याच्या टूलबॉक्समधली फाइल उचलते, हवं ते कॉन्फिगरेशन मिळत नाही, आणि त्या फाइलमध्ये जे आहे ते दाखवलं जातं.

कायमचा उपाय म्हणजे सगळ्यांनी सर्व्हरवरचा एकच टूलबॉक्स फोल्डर वापरणं. प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये होल विझार्ड आणि टूलबॉक्सचा पाथ तिकडे वळवायचा. दुसरा मार्ग, टूलबॉक्सच्या सेटिंगमध्ये कॉन्फिगरेशनऐवजी प्रत्येक मापाचा स्वतंत्र पार्ट तयार करायला सांगणं. बाहेर पाठवण्याच्या कामासाठी मला हा दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो, कारण माप फाइलच्या नावातच येतं. इन्व्हेंटरमध्ये याच कामासाठी कंटेंट सेंटर आहे, तिथेही लायब्ररीचा फोल्डर सगळ्यांचा एकच हवा.

फाइल फक्त वाचण्यापुरती उघडते

बहुतेक वेळा दुसऱ्या कोणीतरी ती उघडून ठेवलेली असते. संदेशात नाव दिसलं तर त्याला विचारा. सॉफ्टवेअर अचानक बंद पडलं असेल तर '~$' ने सुरू होणारी लपलेली फाइल मागे राहते आणि कुलूप तसंच दिसतं. ती फाइल काढून टाकता येते, पण त्या माणसाने मूळ फाइल खरोखर बंद केली आहे याची खात्री झाल्यावरच.

क्लाउडवर सिंक होणाऱ्या फोल्डरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: दोघांनी एकाच असेंब्लीवर काम करायला तो वापरू नका. सिंक प्रत्येक फाइल वेगवेगळी नेतं. असेंब्ली पोचते, तिचा नवा पार्ट अजून वाटेत असतो. दोघांनी एकदम सेव्ह केलं तर एकाची फाइल नावामागे मशीनचं नाव लावून वेगळी ठेवली जाते, आणि त्या नव्या नावाचा असेंब्लीला पत्ताच नसतो. आधीच वापरत असाल तर निदान पाहा की पार्टच्या चिन्हावर ढग नाही ना. ढग म्हणजे फाइल अजून मशीनवर उतरलेली नाही. पूर्ण फोल्डर 'नेहमी या मशीनवर ठेवा' करून मगच उघडा.

पार्ट सगळे आहेत, तरी रिबिल्डला चुका येतात

रिबिल्ड म्हणजे सॉफ्टवेअरने मॉडेल पुन्हा पहिल्यापासून बांधून पाहणं. इथे काम अवघड होतं. एखादं कव्हर असेंब्लीच्या आत, शेजारच्या फ्रेमच्या कडा धरून काढलं असेल, तर त्या कव्हरचा आकार फ्रेमवर आणि त्या असेंब्लीवर अवलंबून असतो. सॉलिडवर्क्समध्ये अशा पार्टपुढे '->' असा बाण दिसतो. बाणापुढे प्रश्नचिन्ह असेल तर ज्या असेंब्लीत तो संदर्भ तयार झाला ती उघडी नाही किंवा सापडत नाही. तारा म्हणजे संदर्भ कुलूपबंद, फुली म्हणजे तोडलेला.

प्रश्नचिन्ह दिसलं तर आधी मूळ असेंब्ली उघडून पाहा, बऱ्याचदा तेवढ्याने ते जातं. डिझाइन पक्कं झालेलं असेल तर पाठवण्याआधी संदर्भ लॉक करा. तोडण्याची घाई नको. लॉक उघडता येतं, तोडलेला संदर्भ परत जुळत नाही.

इथे थांबा

फाइल पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या मशीनवरही उघडत नसेल किंवा उघडताना सॉफ्टवेअर बंद पडत असेल, तर हा पत्त्यांचा प्रश्न नाही, फाइल बिघडली आहे. सतत उघडून पाहू नका. बॅकअपमधली आधीची प्रत काढा. प्रत नसेल तर सॉफ्टवेअर जिथून घेतलं त्यांच्या सपोर्टकडे ती फाइल जशी आहे तशी द्या.

सर्व्हरवरच्या परवानग्या, ड्राइव्ह सारखा तुटणं, एकाच वेळी अनेकांच्या फाइली कुलूपबंद होणं ही आयटीची कामं आहेत. परवानग्यांशी स्वतः खेळू नका, दुसऱ्या विभागाच्या फाइली उघड्या पडतील.

कंपनीत पीडीएम किंवा व्हॉल्ट (डिझाइनच्या फाइली आणि त्यांच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली) असेल तर फाइली फोल्डरमधून बाहेर काढून वरच्या दुरुस्त्या करू नका. तिथे पत्त्यांची नोंद डेटाबेसमध्ये असते आणि बाहेरून केलेला बदल त्याला कळत नाही. सरळ त्या प्रणालीच्या अ‍ॅडमिनला बोलवा. पीडीएम नसेल, तिघांहून जास्त लोक रोज त्याच असेंब्लीवर काम करत असतील आणि महिन्यातून दोनदा हीच तपासणी करावी लागत असेल, तर पीडीएम बसवून देणाऱ्या जाणकाराशी बोलायची वेळ झाली आहे.

मदतीला फोन करण्याआधी एवढं जवळ ठेवा: दोन्ही मशीनवरचं व्हर्जन आणि सर्व्हिस पॅक, आलेल्या संदेशाचा स्क्रीनशॉट, पाठवणाऱ्याकडची संदर्भांची पूर्ण यादी, आणि सुरुवातीला बाजूला ठेवलेली, एकदाही सेव्ह न केलेली ती प्रत.